सासूबाईंची सेवा आणि सुनेचा थकवा

बेळगावातील वडगाव भागातून एका भगिनीने सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांचे वय ४४ वर्षे. यजमान उद्यमबागेतील फाउंड्रीत पाळीने कामाला जातात, मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे आणि ७६ वर्षांच्या सासूबाईंना तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात, तो आजार आहे. सासूबाईंचे माहेर बैलहोंगलकडचे. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात मराठीच बोलत आल्या, पण आता दिवेलागणीची वेळ झाली की कानडीतच बोलतात, कधीच्याच गेलेल्या आपल्या आईला हाका मारतात आणि 'मला घरी सोडा' म्हणत दाराची कडी काढू लागतात. रात्री अनेकदा उठावे लागते. दीर कोल्हापुरात, नणंद पुण्यात. दोघेही फोनवर चौकशी करतात, 'तुझ्यासारखी सून मिळायला नशीब लागते' असे म्हणतात आणि फोन ठेवतात. महिला बचत संघाच्या आठवड्याच्या मीटिंगला जाणे बंद झाले आहे, खानापूर तालुक्यातील नंदगडचे माहेरही दुरावले आहे. गेल्या महिन्यात आंघोळीच्या वेळी सासूबाईंनी अंगावर तांब्या फेकला, तेव्हा या भगिनीने त्यांचा दंड इतक्या जोरात धरला की दुसऱ्या दिवशी तेथे काळेनिळे डाग दिसले. 'त्या दिवसापासून देवापुढे उभे राहायची लाज वाटते. कधी कधी त्यांची एकदाची सुटका होऊ दे असे मनात येते आणि मग माझीच मला भीती वाटते. मन खंबीर करण्यासाठी मी काय करू?' असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

दंडावरच्या डागाची गोष्ट तुम्ही घरात कोणालाही सांगितलेली नाही, पण पत्रात ती लपवलीही नाही, म्हणून तेथूनच सुरुवात करते. ते घडायला नको होते आणि ते पुन्हा घडू नये याची व्यवस्था करायला हवी. म्हातारपणी कातडी पातळ होते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर थोड्याशा दाबानेही रक्त साकळते. तेव्हा डाग अजून दिसत असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना तो दाखवा आणि कसा झाला हेही सांगा. ऐकून डॉक्टरांना धक्का बसणार नाही. वर्षानुवर्षे पुरी झोप न मिळालेल्या माणसाचा संयम अशाच एखाद्या क्षणी संपतो, हे या आजाराची माणसे रोज पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते.

या आजारात सर्वांत जास्त झटापट आंघोळीच्या वेळी होते आणि तिला कारणे असतात. आपल्याला कोणीतरी विवस्त्र करते आहे, ते माणूस कोण आहे हे नीट कळत नाही, थंडी वाजते आहे आणि अचानक डोक्यावरून पाणी कोसळते; अशा वेळी हाती येईल ते फेकणे हा सासूबाईंचा बचाव असतो. आपल्याकडे पारोशाने देवघरात आणि स्वयंपाकघरात जायचे नाही, ही शिस्त कदाचित सासूबाईंनीच तुम्हाला लावली असेल, आणि त्यांची आंघोळ चुकू नये म्हणून तुम्ही रोज त्यांच्याशी झगडत असाल. ती शिस्त आता शिथिल करा. आठवड्यातून दोनदा पूर्ण आंघोळ आणि उरलेल्या दिवशी कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या टॉवेलाने हात, काखा, जांघा आणि पाय पुसून कोरडे करणे, एवढे आरोग्याच्या दृष्टीने पुरेसे आहे. ज्या दिवशी आंघोळ घालायची, त्या दिवशी बादली, साबण, टॉवेल आणि बदलायचे लुगडे आधी मोरीत नेऊन ठेवा. त्यांना स्टुलावर बसवा, खांद्यांवर कोरडा टॉवेल राहू द्या, पाणी आधी पायांवर घाला आणि तांब्या शक्य तितका त्यांच्याच हातात द्या. स्वतः पाणी घेणारे माणूस सहसा पाण्याला भीत नाही. तरीही त्या बिथरल्या तर पाणी थांबवा, टॉवेल गुंडाळा, दोन पावले मागे सरा आणि त्या पडणार नाहीत इतक्या अंतरावर गप्प उभ्या राहा. त्या दिवसाची आंघोळ राहिली तर राहू द्या. डोके धुण्याचे काम वेगळ्या दिवशी ठेवले तर निम्मा त्रास कमी होतो.

'सुटका होऊ दे' हा विचार मनात येणे म्हणजे कोणाचे मरण चिंतणे नव्हे. आपल्या माणसाचे हाल डोळ्यांसमोर चालले आहेत आणि ते थांबवणे आपल्या हातात नाही, असे कळल्यावर तो विचार जवळजवळ प्रत्येक घरात येतो. बोलून दाखवणारे मात्र थोडे असतात. अमेरिकेतील अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून अशा दुःखाचा अभ्यास केला आहे, ज्यात माणूस समोर बसलेले असते आणि तरीही आपण ज्यांना ओळखत होतो ते हरवलेले असतात. गेलेल्या माणसासाठी आपल्याकडे दिवस आहेत, दहावे-तेरावे आहे, भेटायला येणारी माणसे आहेत. तुमच्या दुःखासाठी यातले काहीच नाही, म्हणून ते रागाच्या वाटेने बाहेर पडते. देवापुढे पूर्वीसारख्याच उभ्या राहा. लाजेने तुमच्याकडून घरातला तेवढाच एक निवांत वेळ हिरावून घेतला आहे.

आता संध्याकाळ. या आजारात दिवस मावळताना अस्वस्थता वाढणे अगदी सर्रास आढळते, आणि नंतर आत्मसात केलेली भाषा मागे पडून बालपणीची भाषा वर येणे हेही अनेक द्विभाषिक रुग्णांत दिसते. पत्रात तुम्ही लिहिले आहे की यजमानांना याचा राग येतो आणि 'इतकी वर्षे मराठी बोलून आता मुद्दाम कानडी' असे ते चिडून म्हणतात. आपल्या भागात भाषा हा किती हळवा विषय आहे हे मी जाणते, परंतु सासूबाईंना आता कोणतीही बाजू उरलेली नाही. त्या केवळ आपल्या लहानपणीच्या घरात आहेत आणि तेथे जी भाषा बोलली जात होती ती बोलत आहेत. हे यजमानांना शांतपणे, शक्यतो डॉक्टरांच्या तोंडून, समजू द्या.

या वेळेसाठी तुमच्या दारातच एक माणूस आहे. समोरच्या घरी बैलहोंगलकडच्याच एक अक्का राहतात आणि त्या अधूनमधून विचारपूस करतात असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना आठवड्यातून तीन संध्याकाळी अर्धा तास सासूबाईंजवळ येऊन बसण्याची विनंती करा. 'जमेल तेव्हा या' असे म्हणू नका; वार आणि वेळ ठरवून सांगा आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही घरात थांबू नका, कोपऱ्यावर जाऊन या. सासूबाईंना आपली भाषा ऐकू येईल आणि तुम्हाला अर्धा तास कोणाचीही हाक ऐकू येणार नाही. अक्कांवर आपण भार टाकतो आहोत असे वाटून घेऊ नका, कारण मदत करायची इच्छा असणारी बहुतेक माणसे नेमके काय करायचे हे न कळल्यामुळे मागे राहतात.

अक्का नसतील त्या दिवशी 'तुमची आई कधीच वारली' असे सासूबाईंना सांगू नका. त्यांच्या दृष्टीने ती बातमी प्रत्येक वेळी नवी असते आणि आईच्या मरणाचे दुःख त्यांना रोज नव्याने भोगावे लागते. त्याऐवजी त्या घराविषयी विचारा: गोठ्यात काय होते, पेरणीला कोण जायचे, जत्रेला कोण यायचे. तुमची कानडी मोडकी असली तरी चालेल, विचारण्याचा स्वर त्यांना कळतो. हातात काम द्या. सूपभर शेंगा फोडायला द्या, त्या नीट फुटतात की नाही हे पाहू नका. अंधार पडण्याआधीच दिवे लावा, कारण सावल्यांनी त्या घाबरतात, आणि दुपारनंतरचा चहा बंद करा किंवा अगदी थोडा द्या. दाराला वरच्या बाजूला, त्यांचा हात सहज जाणार नाही अशी दुसरी कडी बसवा, मात्र त्या घरात एकट्या असताना बाहेरून कुलूप लावू नका. त्यांच्या पोलक्याच्या आतल्या बाजूला नाव, गल्ली आणि यजमानांचा मोबाइल नंबर कानडी व मराठी दोन्ही लिपींत लिहिलेली कापडी पट्टी शिवून ठेवा. आणि एक गोष्ट लक्षात असू द्या: हा आजार हळूहळू वाढतो. दोन-चार दिवसांत एकदम बडबड वाढली, भास होऊ लागले किंवा त्या अतिशय सुस्त झाल्या, तर आजार वाढला असे समजून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, अंगात पाणी कमी होणे किंवा नव्याने सुरू केलेली एखादी गोळी हे त्यामागचे कारण असू शकते आणि त्यावर उपचार होतो.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. मन खंबीर कसे करावे, असे तुम्ही विचारता, आणि त्यातून मला असे दिसते की जे चालले आहे ते तसेच चालू राहावे आणि तुम्ही मात्र ते सोसण्यास अधिक समर्थ व्हावे, अशी तुमची अपेक्षा आहे. ती मला मान्य नाही. घरात एका माणसाच्या वाट्याला दिवस आणि रात्र दोन्ही आल्या असतील, तर तेथे उणीव मनाच्या बळाची नसून माणसांची असते. आपल्या शेजारच्या गोव्यात याचा एक चांगला अभ्यास झाला आणि तो २००८ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेली ८१ कुटुंबे त्यात होती. त्यांपैकी निम्म्या घरांत, आठवडाभराचे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक व्यक्ती सहा महिने, किमान पंधरवड्यातून एकदा, जाऊन बसत. आजाराची माहिती देत, रुग्ण बिथरला तर काय करावे ते दाखवत आणि सेवा करणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेत. रुग्णांच्या आजारात त्यामुळे ठळक फरक पडला नाही, पण सेवा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले. त्या घरांतील आजारी माणसे तीच होती आणि कामेही तीच होती. कोणीतरी ठरलेल्या दिवशी येते, विचारते आणि शिकवते, एवढ्याने तो फरक पडला.

म्हणून दीर आणि नणंद यांच्याशी बोलणे आता टाळता येणार नाही, आणि हे बोलणे तुमच्या यजमानांनी करायचे आहे, कारण त्या त्यांच्या आई आहेत. तुम्ही बोललात तर ती सुनेची तक्रार ठरेल. त्याआधी एक आठवडा वहीत नोंद ठेवा: रात्री किती वाजता उठलात, किती वेळ जागल्या, कपडे आणि चादर किती वेळा बदलली, जेवण भरवायला किती वेळ लागला. शेरा काही लिहू नका, फक्त वेळा लिहा. त्या पानांचे फोटो यजमानांनी भावंडांना पाठवावेत आणि सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ कॉल करून मोजके मागणे मांडावे. नणंदेने दर तीन महिन्यांनी आठ दिवस येऊन राहावे, तारखा आजच ठरवाव्यात आणि त्या दिवसांत तुम्ही घरी नसाल हे तिने गृहीत धरावे. दिरांना येणे जमत नसेल तर दिवसा चार तास येणाऱ्या बाईचा पगार त्यांनी द्यावा. कौतुकाचे शब्द आले तर त्यांचा मान ठेवा, पण तारीख किंवा रक्कम ठरल्याशिवाय फोन ठेवू नये. 'तेवढे काही नाही, आई फोनवर छान बोलते' असे उत्तर येण्याचीही शक्यता आहे, कारण असे रुग्ण दहा मिनिटे अगदी नीट बोलू शकतात. तसे झाले तर पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांसमोरच भावंडांना फोन लावा. सोनाराने कान टोचलेले बरे.

कायदा काय म्हणतो हेही माहीत असू द्या, वापरण्याची वेळ येऊ नये. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणासाठी २००७ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या मूळ व्याख्येत जबाबदार अपत्ये म्हणून मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांचा उल्लेख आहे, सुनेचा नाही. एका छपराखाली राहणाऱ्या मुलाएवढीच ही जबाबदारी कोल्हापुरातल्या मुलाची आणि पुण्यातल्या मुलीचीही आहे. त्याखालची प्रकरणे आपल्याकडे असिस्टंट कमिशनरांपुढे चालतात. मला वाटते, एवढे यजमानांनी मनात ठेवले तरी त्यांच्या बोलण्यात ठामपणा येईल.

यजमानांचा स्वतःचा वाटाही ठरायला हवा. मुलाने आईला आंघोळ घालणे दोघांनाही अवघड वाटेल, हे मी समजू शकते. पण रात्रीची राखण, औषधे, भरवणे, हात धरून अंगणात फिरवणे यांत अवघड काहीच नाही. रात्रपाळी नसलेल्या आठवड्यात दोन रात्री त्यांनी आईच्या खोलीत झोपावे आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून. मुलीला रात्रीच्या कामात घेऊ नका, तिचे परीक्षेचे वर्ष आहे. आजीजवळ संध्याकाळी वीस मिनिटे बसली तरी पुरे. दिवसाची बाई ठेवली तर गल्लीत चर्चा होईल ही भीती तुम्ही लिहिली आहे. होईल, आणि महिन्याभरात थांबेल. चर्चा करणाऱ्यांपैकी कोणीही रात्री दोन वाजता चादर बदलायला येणार नाही.

मोकळ्या मिळालेल्या वेळात घर झाडायला घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ती वेळ झोपेची, संघाच्या मीटिंगची आणि नंदगडची आहे. कर्नाटकातल्या साध्या सरकारी बसने राज्यात फिरायला महिलांना जून २०२३ पासून तिकिटाचे पैसे लागत नाहीत, तेव्हा सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याला खर्चाची अडचण नाही. मीटिंगमध्ये पैशांचे हिशेब झाल्यावर पाच मिनिटे तुमच्या घरचे सांगा. त्या बायकांमध्ये कोणाच्या ना कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असणारच, आणि पुढच्या आठवड्यात ती तुमच्याजवळ येऊन बसेल. थकवा मनातच राहतो असे समजू नका. अमेरिकेत ओहायो येथे १९९५ साली एक लहान पण काटेकोर अभ्यास झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर सारखीच छोटी जखम करून ती भरायला लागणारे दिवस मोजले, तेव्हा सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. तुमची पाठ दुखते, डोके ठणकते, त्याला अंगचोरपणा म्हणणाऱ्यांना हे सांगा. स्वतःचा बीपी आणि शुगर या महिन्यात तपासून घ्या.

हुरूप कुठून येतो, याविषयी माझे एक निरीक्षण सांगते. 'तू देवमाणूस आहेस' असे ऐकून तो येत नाही, उलट देवमाणसाला थकायची सोय नसते म्हणून अशा शब्दांनी माणूस आणखी एकटे पडते. आपल्याला हे काम येते असे दिसू लागले की तो येतो. कोणत्या वेळी भरवले तर त्या थुंकत नाहीत, कोणत्या कुशीवर झोपवले तर रात्र बरी जाते, कोणते भजन लावले की त्या ओठ हलवू लागतात, हे सगळे गेल्या तीन वर्षांत तुम्ही शिकला आहात. नणंद येईल तेव्हा हे तिला नीट शिकवा. वहीच्या मागच्या पानांवर ते लिहून काढा. ज्ञान म्हणून त्याच्याकडे पाहिलेत तर तुमचे तुम्हालाच कळेल की तुम्ही केवळ सोसत नव्हता.

सरकारी बाबी थोडक्यात सांगते. सासूबाईंना संध्या सुरक्षा, म्हणजे राज्य सरकारची ज्येष्ठांसाठीची पेन्शन मिळत नसेल आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असेल, तर नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात चौकशी करा. फॉर्म कानडीत असतो, मुलीला किंवा अक्कांच्या घरातल्या कोणाला बरोबर न्या. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर योजनांची माहिती मिळते. आजाराची नीट पुनर्तपासणी हवी असेल तर धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजे डिमहान्स, आपल्याला जवळची आहे. थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी कधी झाली नसेल तर तीही करून घ्या. शेजाऱ्यांनी दिलेली झोपेची गोळी त्यांना देऊ नका आणि स्वतःही घेऊ नका.

आणि शेवटी तुमच्याविषयी. झोपायला वेळ मिळूनही झोप लागत नसेल, जेवण नकोसे झाले असेल, रोज रडू येत असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर औषधोपचार आहेत. त्यासाठी डॉक्टरांकडे तुम्ही स्वतःच्या नावाने केसपेपर काढून जा. स्वतःला किंवा सासूबाईंना काही करून टाकावे असा विचार एकदा जरी आला, तरी त्याच क्षणी यजमानांना किंवा अक्कांना हाक मारा, त्यांना सासूबाईंजवळ बसवा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो, आणि सुरुवातीला भाषा निवडता येते. तेवढ्यासाठी भांडी घासून होण्याची वाट पाहू नका.